जुनी ट्यूब उतरवाल, पण ठेवाल कुठे?

जिनिव्हात २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मिनामाता कराराच्या सदस्य देशांची पाचवी परिषद भरली होती. पाऱ्याच्या वापराला लगाम घालणारा हा आंतरराष्ट्रीय करार. त्या परिषदेत ट्यूबलाइटचा शेवट ठरला. सरळ नळीच्या फ्लुरोसंट ट्यूबांचं उत्पादन, आयात आणि निर्यात सदस्य देशांनी २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवायची आहे. घरात वापरतो त्या सीएफएलची मुदत तर त्याआधीच्या परिषदेने २०२५ चीच ठरवली होती. भारताने २०१८ मध्ये या कराराला मान्यता दिली. शाळा, कचेऱ्या, दवाखाने, रेल्वेचे फलाट, देवळांचे सभामंडप आणि आपली स्वयंपाकघरं ज्या पांढऱ्या उजेडात इतकी वर्षं वावरली, तो उजेड आता जाणार हे पक्कं आहे.

जावाच. पण कराराची ही बंदी कारखान्याच्या आणि बंदराच्या दारापाशी थांबते. आज छताला, भिंतीला लागलेल्या ट्यूबांना ती हात लावत नाही. त्या येत्या काही वर्षांत आपणच उतरवणार आहोत, आणि त्यातल्या प्रत्येकीत पारा आहे. माझं म्हणणं असं, की एलईडी बसवणं हे अर्धं काम समजावं. जुनी ट्यूब न फोडता उतरवून, न फोडताच ती योग्य प्रक्रियेच्या ठिकाणी पोचवणं हे उरलेलं अर्धं. आपण बोलतो ते सगळं पहिल्या अर्ध्याबद्दल.

पहिल्या अर्ध्याबद्दल फारसा वाद उरलेलाही नाही. चार फुटी जाड ट्यूब ४० वॅटची, तिच्यानंतर आलेली बारीक ३६ वॅटची. शिवाय पट्टीत बसलेला तांब्याच्या तारेचा जड चोक आणखी १२-१४ वॅट नुसता गरम होण्यात घालवतो. म्हणजे मीटरला एक ट्यूब पन्नास वॅटच्या आसपास पडते. कामापुरता तितकाच उजेड २० वॅटची एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबच्या जागी बसणारी एलईडीची सलग पट्टी, देते. दर ट्यूबमागे ३० वॅट वाचले असं धरू. सोसायटीच्या जिन्यातली ट्यूब रात्रभर, म्हणजे बारा तास जळते; तिथे वर्षाला १३० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर हजार रुपये झाले, आणि बॅटन येते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात. शाळेच्या वर्गात रोज सहा तास आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर ४० युनिट, म्हणजे तीनशे रुपयांच्या वर. तिथेही वर्षभरात पैसे वसूल होतात. उलट अडगळीच्या खोलीत दिवसातून दहा मिनिटं लागणारी ट्यूब बदलायची घाई करण्यात अर्थ नाही. ‘चालू आहे ती कशाला काढायची?’ हा घरातल्या थोरांचा प्रश्न तिथे बरोबर आहे. जिन्यात मात्र तो चूक आहे.

खेड्यापाड्यांत तर पैशांपेक्षा मोठं कारण आहे. संध्याकाळी घरोघरचे दिवे लागले, पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. चोकवाली ट्यूब अशा वेळी नुसती टोकांना लालसर होते, स्टार्टर टिकटिकत राहतो आणि ट्यूब काही पेटत नाही. नेमकी तीच मुलांची अभ्यासाची वेळ. बऱ्यापैकी एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा आतला भाग, दीडशे-पावणेदोनशे व्होल्टलाही सरळ चालतो. ज्या घरात परीक्षेचं वर्ष आहे तिथे याची किंमत युनिटांत मोजता येत नाही.

५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या उजाला योजनेने एलईडी बल्ब घराघरांत नेला, हे मोठं काम होतं. सरकारी खरेदीत २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला. योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. एलईडी ट्यूबा गेल्या त्या ७२ लाखांच्या घरात. हा फरक नीट पाहण्यासारखा आहे. पिवळा बल्ब आपण झपाट्याने काढला. त्यात काच होती, टंगस्टनची तार होती, पत्र्याची टोपी होती, पारा नव्हता. तो कचऱ्यात गेला तरी फार बिघडलं नाही. पाऱ्याची ट्यूब मात्र बऱ्याच प्रमाणात छतालाच राहिली, आणि तिची पाळी आता येते आहे. बल्ब काढताना लागलेली सवय ट्यूब काढताना चालणार नाही.

ट्यूबमध्ये पारा का लागतो, हे थोडं समजून घेऊ. नळीतली हवा काढून आत थोडा आर्गॉनसारखा वायू आणि अगदी कणभर पारा भरतात. वीज वाहू लागली की पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते, मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे. ते डोळ्याला दिसत नाहीत. काचेला आतून दिलेला पांढऱ्या भुकटीचा लेप ते शोषून घेतो आणि दिसणारा उजेड बाहेर टाकतो. पारा नसेल तर सगळा खेळच बंद. त्यामुळे कंपन्यांनी पाऱ्याचं प्रमाण घटवत आणलं, पण शून्यावर नेणं त्यांना शक्यच नव्हतं. अलीकडच्या ट्यूबमध्ये ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो, जुन्या जाड ट्यूबमध्ये त्याहून बराच जास्त. ट्यूबची टोकं काळी पडली, ती गेली, तरी हा पारा संपत नाही. तो भुकटीला आणि काचेला धरून आतच असतो. नळी अखंड असेपर्यंत तो बंदिस्त आहे. फुटली की सुटला.

पाच मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. एका ट्यूबपुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे आणि मला कुणाला भीती घालायची नाही. घरात ट्यूब फुटली तर पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं. मग काचा जाड पुठ्ठ्याने गोळा कराव्यात, उरलेली भुकटी चिकटपट्टीने आणि ओल्या कागदाने टिपावी, सगळं झाकणाच्या बरणीत बंद करावं. केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण भुकटी हवेत उडते. एवढी काळजी घेतली की घाबरण्यासारखं फार काही उरत नाही.

पण हिशेब एका ट्यूबचा नाहीच. एक कोटी ट्यूबांत पाच मिलिग्रॅमच्या दराने पन्नास किलो पारा होतो, आणि आपल्या देशात लागलेल्या ट्यूबा एका कोटीत भागणाऱ्या नाहीत. फुटलेल्या ट्यूबची वाफ हवेत जाते, पावसाबरोबर खाली येते, तळ्या-खाड्यांच्या गाळात उतरते. तिथले जिवाणू तिचा मिथिल पारा करतात. तो लहान माशात, लहानाकडून मोठ्या माशात असा साठत जातो आणि शेवटी ताटात येतो. ज्या गावाचं नाव या कराराला दिलं आहे त्या जपानमधल्या मिनामातात पारा असाच माशांतून ताटात आला. कारखान्याच्या सांडपाण्यातून मिथिल पाराच वर्षानुवर्षं समुद्रात जात होता आणि १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली: हातपाय लुळे पडलेले, दृष्टी गेलेली माणसं, जन्मतःच अपंग झालेली मुलं. ट्यूबांमुळे मिनामाता घडेल असं मी म्हणत नाही, प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण एकदा पाण्यात गेलेला पारा परत गोळा करता येत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. आपल्याकडे कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला, आणि तिथल्या मातीतल्या पाऱ्याचं काय करायचं हा प्रश्न त्यानंतर कितीतरी वर्षं धुमसत राहिला. मासे हे रोजचं जेवण असलेल्या कोकणाने आणि गोव्याने तरी हा विषय दुसऱ्या कुणाचा समजू नये.

दुसरा मुद्दा मला जास्त बोचतो. पारा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. माझ्या घरी वर्ष-दोन वर्षांत एखादी ट्यूब जाते. जी बाई रोज शेकडो घरांचा कचरा हाताने वेगळा करते तिच्या वाट्याला अशा किती येत असतील? पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून उभी आहे आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा उचलणाऱ्या या बहुतांश महिला आहेत. आपण ट्यूब जिन्याखाली उभी करून ठेवतो, ती त्यांच्या गाडीत आडवी पडते, वरून ओझं आलं की फुटते. मोठ्या गाडीत तर कचरा दाबण्याचीच यंत्रणा असते. भंगारच्या दुकानात कुणी टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्यांसाठी ट्यूब फोडतो, तोही तोंडाला काही न बांधता.

आमच्या सोसायटीत जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या ट्यूबा बदलल्या तेव्हाची गोष्ट. कंत्राटदाराच्या माणसांनी बॅटन उत्तम बसवल्या, वायरिंगही नीट केलं. चोक काढून वेगळे ठेवले. ट्यूबा मात्र गच्चीवर नेऊन फोडल्या आणि पोत्यात भरल्या, कारण अखंड ट्यूबा टेम्पोत जागा खातात. त्या माणसांवर रागावण्यात अर्थ नव्हता. त्यांना पैसे बसवलेल्या बॅटनचे मिळत होते. चोकमधल्या तांब्याला भाव आहे म्हणून चोक बरोबर भंगारात पोचला. ट्यूबला भाव नाही म्हणून ती फुटली. सगळा प्रश्न एवढ्यात आला आहे आणि त्यावरचा उपायही इथेच शोधायला हवा. लोकांना समज देऊन किंवा भित्तिपत्रकं लावून हे होणार नाही. अखंड ट्यूबला किंमत आली पाहिजे.

नियम नाहीत असं नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ट्यूबलाइट आणि सीएफएल यांना ‘घरगुती घातक कचरा’ या व्याख्येत नाव घेऊन बसवलं. त्याच नियमांनी शहरांना सांगितलं, की अशा कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र उघडा. पुणे महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्या हिशेबाने एकट्या पुण्यात पंचवीस केंद्रं हवी होती. तुमच्या शहराच्या क्षेत्रफळाला वीसने भागा आणि येणाऱ्या आकड्याइतकी केंद्रं तुम्हाला कुठे आढळतात का ते विचारा. माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकण्याइतका हा प्रश्न नक्कीच महत्त्वाचा आहे.

ई-कचऱ्याच्या नियमांतही पाऱ्याचे दिवे आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आणि तिची प्रमाणपत्रं विकत घेण्याची सोय केली. कल्पना चांगली आहे. पण ही प्रमाणपत्रं मिळतात ती सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंच्या हिशेबाने. ट्यूबमध्ये यातलं आहे काय? टोकांना जराशा टोप्या. बाकी काच, भुकटी आणि पारा. जो पारा धरून ठेवणं हे खरं काम आहे, त्याला या हिशेबात जागाच नाही. पुनर्प्रक्रिया करणारा उद्योजक संगणकाच्या पाट्यांकडे धावेल, ट्यूबांकडे का येईल? ट्यूब चुरणारं यंत्र बंदिस्त असावं लागतं, आतली हवा सतत ओढून गंधकमिश्रित कार्बनच्या गाळणीतून न्यावी लागते, तेव्हा पारा तिथे अडकतो. याला खर्च येतो आणि हाती येणारा माल स्वस्त. म्हणून पाऱ्याच्या दिव्यांसाठी वेगळा हिशेब हवा: किती ग्रॅम धातू निघाला याचा नको, किती ट्यूबा अखंड आल्या याचा. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने हा बदल करावा, आणि तो २०२७ च्या आत करावा. त्यानंतर ट्यूब बनवणारा कारखानाच राहिला नाही, तर जबाबदारी टाकायची कुणावर?

परत करण्याची रीत आपल्याला नवी नाही. गाडीची जुनी बॅटरी दिल्याशिवाय दुकानदार नव्या बॅटरीवर सूट देत नाही, म्हणून जुनी बॅटरी कचराकुंडीत कुणी टाकत नाही. २००९ मध्ये आलेल्या बचत लॅम्प योजनेत जुना पिवळा बल्ब द्यायचा आणि पंधरा रुपयांत सीएफएल न्यायची, अशीच अदलाबदल होती. ज्यात पारा नव्हता तो बल्ब परत घेण्याचं आपल्याला सुचलं. आता ज्यात पारा आहे ती ट्यूब परत घ्या. एलईडी बॅटनवर जुन्या अखंड ट्यूबमागे दहा-वीस रुपये कमी करा. नव्या बॅटनच्या खोक्यात बारीक ट्यूब बसत असेल, तर वाहतुकीचं वेष्टनही आयतंच आहे.

तरी सुरुवात घरांपासून करू नये. घरातल्या ट्यूबा एकेक करून, वेगवेगळ्या वेळी उतरतात. सरकारी कचेऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामीण रुग्णालयं, एसटी स्थानकं, विद्यापीठं, न्यायालयं इथे मात्र एका कंत्राटात शेकडो-हजारो ट्यूबा एकदम खाली येतात. इतका पारा एकाच दिवशी, एकाच आवारात, बंद नळ्यांत हातात येण्याची ही एकदाच मिळणारी संधी आहे. ती हुकली तर तोच पारा पुढे लाखो ठिकाणी विखुरलेला असेल.

वीजबिल थकल्यामुळे शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. अशा शाळांना एलईडी आधी मिळायला हवेत. लहान गावात दहा ट्यूबांसाठी खास गाडी पाठवणं परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण प्राथमिक शाळांना केंद्रशाळा आहेतच. आसपासच्या शाळांच्या ट्यूबा केंद्रशाळेतल्या एका कुलूपबंद उभ्या खोक्यात जमा व्हाव्यात, तिथून पंचायत समितीच्या गोदामात, आणि गाडीभर झाल्या की अधिकृत प्रक्रिया केंद्रात जाव्यात. जवळपास दिव्यांवर प्रक्रिया करणारं केंद्रच नसेल तर घातक कचऱ्याची व्यवस्था तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहे. रचना उभी आहे, ट्यूब त्या वाटेला लावणं बाकी आहे. दर ट्यूबमागे वर्षभरात वाचणाऱ्या तीनशे रुपयांतून हा खर्च निघेल.

नव्या मालाबद्दलही डोळे उघडे ठेवायला हवेत, नाहीतर उतरवलेल्या ट्यूबच्या जागी दोन वर्षांत पुन्हा कचराच लटकेल. २०१७ मध्ये नील्सन या बाजार-पाहणी करणाऱ्या कंपनीने मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबादच्या दुकानांची पाहणी केली तेव्हा एलईडी बल्बच्या ७६ टक्के ब्रँडांनी सुरक्षिततेचे निकष पाळलेले नव्हते. स्वस्त एलईडीत आधी मरतो तो ड्रायव्हर. दिव्याच्या चिपा धडधाकट असतात, पण सगळं एकत्र चिकटवलेलं असल्याने पूर्ण बॅटन फेकावी लागते. जुन्या पट्टीचं एक चांगलं होतं: दहा रुपयांचा स्टार्टर बदलला, चोक बदलला की ती पुन्हा उभी राहायची, आणि गावातल्या वायरमनचं पोट त्यावर चालायचं. ही दुरुस्तीची सोय आपण फुकट घालवू नये. सरकारी खरेदीत ड्रायव्हर वेगळा काढता येईल अशीच बॅटन घ्यावी.

आणि लुकलुक. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तांब्याच्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होत असे. जाणवत नसे, पण कित्येकांना त्याने डोकेदुखी व्हायची, आणि कारखान्यात लेथचं फिरतं चाक त्या उजेडात थांबल्यासारखं दिसण्याचा धोका असे. हलक्या ड्रायव्हरच्या एलईडीतही हाच दोष तसाच असतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा मुलांच्या वर्गात लावू नये. ही ढोबळ परीक्षा आहे, पण मुख्याध्यापकांना करता येण्यासारखी आहे. वर्गात आणि वॉर्डात निळसर ६५०० केल्व्हिनपेक्षा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) ४००० केल्व्हिनचा उजेड डोळ्यांना बरा.

जुनी पट्टी ठेवून तिच्यात एलईडी ट्यूब घालणाऱ्यांना एकच सांगणं: तांब्याचा चोक असेल तर स्टार्टर काढून सोबत आलेला बसवून भागतं, इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर तो बहुतेक वेळा काढावाच लागतो. काही एलईडी ट्यूबांना दोन्ही तारा एकाच टोकाला द्याव्या लागतात. ट्यूबवरची आकृती न बघता हे करू नये, वायरमनला बोलवावं.

सोसायट्यांच्या समित्या, शाळा व्यवस्थापन समित्या आणि ग्रामपंचायती यांच्यापैकी कुणी या वर्षी एलईडीचं काम काढणार असेल, तर कार्यादेशात एक कलम जरूर घालावं. त्याचा मजकूर साधारण असा ठेवता येईल: ‘उतरवलेल्या सर्व फ्लुरोसंट ट्यूबा व सीएफएल कंत्राटदाराने न फोडता, मोजून, खोक्यांत भरून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे सुपूर्द कराव्यात. ट्यूबांची संख्या नमूद असलेली त्या केंद्राची पावती सादर केल्याशिवाय एकूण देयकाची शेवटची २० टक्के रक्कम अदा केली जाणार नाही. फुटलेल्या प्रत्येक ट्यूबमागे ठरलेली रक्कम कापली जाईल.’ निविदेत हे आधीच लिहिलेलं असेल तर येणारा प्रत्येक जण तो खर्च धरूनच दर भरेल, आणि टेम्पोही त्या मापाचा आणेल.